टेक लाइव्ह : महासंचाची विभागणी आणि अवलंबित्वाची नोंद

डोनाल्ड कनूथ यांनी १९७८ मध्ये सिद्ध केलेली 'टेक' ही ग्रंथजुळणीची प्रणाली आज बहुधा टेक लाइव्ह या संचातून वापरली जाते. टेक-वापरकर्त्यांच्या संघटना १९९६ पासून हा संच प्रसिद्ध करीत आल्या आहेत. संपूर्ण संच काही गिगाबाइटचा भरतो. मराठी काव्याची पाठचिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्या संपादकाला त्यातील अल्पांशच लागतो. म्हणून संचाची घटक पॅकेजे, त्यांचे संग्रह आणि संग्रहांच्या योजना अशी त्रिस्तरीय विभागणी केलेली आहे. हवे तेच पॅकेज इंटरनेटवरून उतरवून घेण्याची सोय २००८ पासून झाली.

विभागणीचे निकष मात्र एकजिनसी नाहीत. ओळींना क्रमांक देऊन तळाशी पाठभेद मांडणारे 'रेलेडमॅक' मानव्यविद्यांच्या संग्रहात आहे, तर मराठीसाठी लागणारी काही सामग्री 'इतर भाषां'च्या संग्रहात. एक वाटणी विद्याशाखेनुसार, दुसरी भाषेनुसार. ग्रंथालयाच्या फडताळांशी परिचय असलेल्यांना यात नवल वाटू नये.

खरी अडचण अवलंबित्वाची आहे. देवनागरी टंक निवडणारे 'फॉन्टस्पेक' हे लाटेकच्या नव्या आज्ञास्तरावर उभे आहे. तो स्तर नसेल तर काम तत्काळ थांबते व उणीव कळते. याहून घातक अवलंबित्व मूक असते. ओळीच्या शेवटी मराठी शब्द कोठे तोडावा, याचे नियम 'हायफन-इंडिक' या पॅकेजात आहेत. ते नसले तरी भाषाव्यवस्था पाहणारे 'पॉलिग्लॉसिया' अडून बसत नाही. पृष्ठ जुळते, केवळ कामाच्या नोंदवहीत एक इशारा उमटतो आणि तो क्वचितच कोणी वाचतो. मग दीर्घ समास तुटत नाहीत, शब्दांमध्ये पोकळ्या पडतात, ओळी समासात घुसतात आणि मुद्रितशोधक टंकाला दोष देतो. शिवाय हे नियम जुळणीपूर्वीच सिद्ध केलेल्या मूळ आराखड्यात मुरवलेले असतात. त्यामुळे फाइल नुसती आणून ठेवल्याने भागत नाही, आराखडा पुन्हा घडवावा लागतो. संचाचा व्यवस्थापक ते आपणहून करतो.

'अमुक पॅकेज तमुकावर अवलंबून' एवढी नोंदही पुरेशी नसते, कारण पॅकेजे बदलत राहतात. टेक लाइव्हची प्रत्येक वार्षिक आवृत्ती पुढची निघण्यापूर्वी गोठवली जाते. संहितेसोबत त्या आवृत्तीचे वर्ष जपले आणि वापरलेल्या फाइलींची यादी नोंदवहीत उतरवणारी लाटेकची आज्ञा आरंभीच दिली, तर पुढील संपादकाला तीच पृष्ठे पुन्हा जुळवता येतात.