घरभाडें आणि नव्या घरमालकाचें कर्तव्य

शिल्लक पैसा कोठें गुंतवावा असा प्रश्न पडला कीं नागपूरकर गृहस्थाची दृष्टि अद्यापि प्रथम घराकडे वळते. यांत नवल नाहीं. १९५६ पर्यंत हें शहर राजधानीचें होतें. १९२३ पासून येथें विद्यापीठ आहे. आतां मिहान व एम्स यांमुळें वर्धा मार्गाकडेही भाडेकरूंची वाण नाहीं. परंतु घर घेणें निराळें आणि भाड्याचा व्यवहार सचोटीनें चालविणें निराळें, हें नव्या मालकांस सांगणें आम्हांस अवश्य वाटतें.

इतवारींतील व्यापारी माल उचलण्यापूर्वीं खर्चवेच मांडून पाहतो. घर घेतांना मात्र तोच व्यापारी हिशेब विसरतो. समजा, घराची किंमत ४० लाख रुपये आणि भाडें दरमहा १२,००० रुपये. वर्षाचे १,४४,००० रुपये झाले, असें मालक मानतो. पण एक महिना घर रिकामें राहिलें, आणि महानगरपालिकेचा कर, सोसायटीची वर्गणी व डागडुजी यांत ३०,००० रुपये गेले, तर हातीं १,०२,००० रुपये उरतात. म्हणजे भांडवलावर शेकडा अडीचच्या सुमारास. कर्ज काढून घर घेणारानें हा आंकडा व्याजाच्या दराशेजारीं लिहून पाहावा.

दुसरी गोष्ट मालकीची. शहराभोंवतीं शेतजमिनींचे तुकडे पाडून विकलेले ले-आउट पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यासाठीं २००१ सालीं गुंठेवारीचा कायदा करावा लागला. तेव्हां जुन्या भूखंडाचें नियमितीकरण-पत्र, आणि नव्या इमारतीचा महारेरा नोंदणी क्रमांक पाहिल्यावांचून बयाणा देऊं नये.

परंतु सर्वांत घातक समजूत अकरा महिन्यांच्या कागदाची आहे. मुद्रांकावर अकरा महिन्यांचा करार लिहिला कीं नोंदणीची गरज नाहीं, असें सुशिक्षितही मानतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणें करार लेखी व नोंदविलेला असला पाहिजे, मुदत कितीही असो; आणि ही जबाबदारी मालकाची आहे. कागद नसेल तर अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें धरलें जातें. मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. उलट, राहण्यासाठीं दिलेल्या घराचा परवाना-करार नोंदविला असेल आणि मुदत संपूनही घर सुटलें नाहीं, तर कलम २४ प्रमाणें सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागतां येते, व अडवून राहणारास दुप्पट दरानें भरपाई द्यावी लागते.

३१ मार्च २००० पूर्वीं येथें १९४९ चा भाडे-नियंत्रण आदेश लागू होता. त्या काळीं भाडेकरूस घर सोडण्याची नोटीस देण्यासही नियंत्रकाची परवानगी लागे. तो आदेश गेला. घर गिळंकृत होईल ही भीति मात्र राहिली. तिच्यापोटीं कोणी कागदच करीत नाहीं, कोणी भाडें रोखीनें घेऊन पावती चुकवितो, आणि कोणी दारांत उभ्या राहिलेल्या मनुष्याची जात, धर्म व आहार विचारून त्यास परत पाठवितो. परगांवाहून पोटासाठीं आलेल्या तरुणास हा अपमान सोसावा लागतो, आणि मालकाचें घर महिनेन्‌महिने रिकामें पडतें. भाडें वेळेवर मिळेल कीं नाहीं, हें आडनांवावरून कळत नाहीं.

ज्यांस या व्यवहारांत उतरावयाचें आहे त्यांनीं भाडेकरूची नोकरी व ओळखपत्र पाहावें, करार नोंदवावा, अनामत रकमेची पावती द्यावी, आणि एवढ्यावर दार मोकळें ठेवावें, अशी आमची त्यांस आग्रहाची सूचना आहे.