मार्गय्याची पत्र्याची पेटी

कुंभकोणम हे तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील, कावेरीच्या काठी वसलेले जुने शहर. मेलकावेरी ही त्याचीच एक वस्ती. मराठी वाचकाला हा मुलूख अगदीच परका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरला मराठी राज्य स्थापन केले आणि त्यांच्यामागून आलेली कित्येक मराठी कुटुंबे कावेरीच्या खोऱ्यात कायमची स्थिरावली. त्रावणकोर, इंदूर व बडोदे या संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली अशाच एका कुटुंबात कुंभकोणमला झाला. देवळे, रेशमी वस्त्रे आणि विड्याची पाने यांसाठी हे शहर प्रसिद्ध आहे. परंतु त्याची आणखी एक ओळख आहे. १९०४ साली येथे ‘कुंभकोणम बँक’ स्थापन झाली. आज ‘सिटी युनियन बँक’ म्हणून ओळखली जाते ती हीच, आणि तिचे मुख्य कार्यालय अजूनही याच शहरात आहे.

बँक म्हणजे मुळात विश्वासाचा व्यवहार. हा विश्वास किती ठिसूळ असू शकतो, याचा अनुभव मद्रास इलाख्याने लवकरच घेतला. २२ ऑक्टोबर १९०६ रोजी मद्रासची ‘आर्बथनॉट आणि कंपनी’ ही नामांकित इंग्रजी पेढी बुडाली आणि तिच्याबरोबर असंख्य ठेवीदारांची आयुष्यभराची शिल्लकही बुडाली. त्या धक्क्यातूनच १९०७ साली ‘इंडियन बँक’ उभी राहिली. योगायोग असा, की पेढी बुडण्याच्या बाराच दिवस आधी, १० ऑक्टोबर १९०६ रोजी, त्याच मद्रास शहरात आर. के. नारायण यांचा जन्म झाला. पेढी चढते कशी आणि कोसळते कशी, याची अत्यंत मार्मिक कथा पुढे त्यांनीच लिहिली. ‘द फायनान्शियल एक्सपर्ट’ ही त्यांची इंग्रजी कादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली. तिचे स्थळ मालगुडी. हे गाव नकाशावर सापडणार नाही. पण दक्षिणेतील नदीकाठचे कोणतेही गाव पाहिलेल्याला ते ओळखीचे वाटते.

कादंबरीचा नायक मार्गय्या सुरुवातीला एका वडाच्या झाडाखाली बसलेला दिसतो. समोर सहकारी भूतारण बँकेची इमारत आहे. पुढ्यात एक पत्र्याची पेटी. तिच्यात दौत, टाक, हिशेबाची वही आणि त्याच बँकेचे कर्जाचे कोरे अर्ज. निरक्षर शेतकऱ्यांना बँकेच्या दारात शिरण्याची भीती वाटते. मार्गय्या त्यांना अर्ज भरून देतो, जुने कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज कसे काढावे हे समजावतो आणि आपला मोबदला घेतो. त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘वाट दाखविणारा’ असा आहे. ही वाट कोठे जाते, हे विचारण्याचे भान मात्र शेतकऱ्याला नसते आणि मार्गय्यालाही.

बँकेचा सचिव आणि शिपाई त्याला हुसकावून लावू पाहतात. तो अपमान मार्गय्याच्या मनात सलतो. त्यातच त्याचा लाडका मुलगा बाळू हिशेबाची वही गटारात फेकून देतो आणि धंदा बसतो. येथून महत्त्वाकांक्षेचा प्रवास सुरू होतो. मार्गय्याला पैसा हवा आहे, तो केवळ सुखासाठी नव्हे. सचिवासारखा माणूस आपल्यापुढे उभा राहावा, यासाठी हवा आहे.

लेखकाचा उपरोध येथे विशेष पाहण्यासारखा आहे. मार्गय्या पुजाऱ्याच्या सांगण्यावरून चाळीस दिवस लक्ष्मीची उपासना करतो. त्यासाठी लागणारे तांबडे कमळ शोधताना त्याला डॉ. पाल नावाचा माणूस भेटतो. हा पाल त्याला एका पुस्तकाचे हस्तलिखित देतो. पुस्तक कामजीवनावरचे आहे. छापखानदार शीर्षक बदलून त्याला कौटुंबिक सौख्याचे साळसूद नाव देतो, आणि पुस्तक धडाधड खपते. लक्ष्मी प्रसन्न होते ती अशी! लेखक कोठेही रागावत नाही. उपासना आणि तिचे फळ ही दोन्ही तो शेजारी शेजारी ठेवतो आणि दूर होतो. टीका करणारे एकही वाक्य न लिहिता केलेली टीका, हेच चांगल्या उपरोधाचे लक्षण आहे.

पुढे मार्गय्याला त्या पुस्तकाची लाज वाटू लागते. तो त्यातून अंग काढून घेतो आणि सावकारीत उतरतो. महायुद्धाचा काळ असतो. काळ्या बाजारातील पैसा लपविण्यासाठी जागा शोधत असतो. मार्गय्या भरघोस व्याज देऊन ठेवी स्वीकारतो. घरातील खोल्या नोटांच्या पोत्यांनी भरतात.

या पेढीची अंतर्गत रचना समजून घेतली पाहिजे. समजा, पाच जणांनी प्रत्येकी १,००० रुपये ठेवले आणि पेढीने वर्षाला शेकडा २० व्याज कबूल केले. वर्षाअखेरीस १,००० रुपये द्यावे लागतील. प्रत्यक्ष व्यवसायातून तेवढे उत्पन्न नसेल, तर सहाव्या माणसाची ठेव पाचांच्या व्याजात वाटली जाते. पाचही जण समाधानाने गावभर कौतुक करतात आणि सातवा आपोआप येतो. नवा माणूस येत राहतो तोवर सर्व सुरळीत असते. सर्वांनी एकाच दिवशी पैसे मागितले, तर देण्यासाठी काहीच नसते.

कादंबरीत तो दिवस एका घरगुती भांडणातून उगवतो. डॉ. पाल बाळूला वाममार्गाला लावतो, हे कळताच मार्गय्या त्याला चपलेने बडवतो. पाल गावभर सांगत सुटतो, की मार्गय्याची पेढी अडचणीत आहे. दारात ठेवीदारांची झुंबड उडते आणि पोती रिकामी होतात. पुष्कळ वाचक म्हणतात, की पुत्रप्रेमाने मार्गय्याचा घात केला. हे अर्धेच खरे आहे. अफवा निमित्त ठरली. भिंत आधीपासूनच पोकळ होती.

अशा पेढ्या केवळ कादंबरीत नसतात. ठेवीदारांच्या रक्षणासाठी तमिळनाडूने १९९७ साली, तर महाराष्ट्राने १९९९ साली कायदा केला. २०१९ साली देशपातळीवर अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा आला. तरीही २०२१ साली खुद्द कुंभकोणममधील दोन भावांना ठेवी बुडविल्याच्या आरोपावरून अटक झाली. त्यांच्याकडे हेलिकॉप्टर होते, म्हणून गाव त्यांना ‘हेलिकॉप्टर बंधू’ म्हणत असे. रक्कम दुप्पट करून देण्याचे आश्वासन देण्यात आले होते, अशी तक्रारदारांची फिर्याद होती. हेलिकॉप्टर काय किंवा नोटांची पोती काय, पाहणाऱ्याला ती भरभराटीची खूण वाटते.

कादंबरीच्या अखेरीस मार्गय्याजवळ काहीही उरत नाही. तो मुलाला जुनी पत्र्याची पेटी देऊ करतो आणि वडाखाली जाऊन बसण्यास सांगतो. लोक काय म्हणतील, या विचाराने बाळू कचरतो. तेव्हा मार्गय्या म्हणतो, की बरे वाटू लागल्यावर आपणच जाऊ. तोपर्यंत नातवाला खेळायला इकडे आणा.