शिट्ट्या मोजू नका, मिनिटे मोजा

दिवसभर कापणी करून दिवेलागणीला घरी आलेल्या बाईला आधी चूल पेटवावी लागते. मग हुलगे किंवा काळे वाटाणे शिजेपर्यंत दीड-दोन तास चुलीपुढे बसावे लागते. तोवर मुले पेंगू लागतात. म्हणून पुष्कळ घरांतून कडधान्य रविवारीच शिजते आणि एरवी भात व पातळ कालवण यांवर भागवले जाते. खरे पाहता कडधान्य हे शेतकऱ्याच्या घरचे सर्वांत स्वस्त व सकस अन्न आहे. ते रोजच्या ताटात यावे यासाठी कुकरसारखे दुसरे साधन नाही. मात्र तो नीट वापरला पाहिजे.

कुकरमध्ये काय होते?

उघड्या पातेल्यातले पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. पुढे कितीही जाळ घातला तरी ते अधिक तापत नाही, नुसती वाफ होऊन जाते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी ९७-९८ अंशांनाच उकळते आणि डाळीला किनाऱ्यापेक्षा थोडा अधिक वेळ लागतो. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि आतील उष्णता सुमारे १२० अंशांपर्यंत जाते. या वाढलेल्या उष्णतेमुळेच अन्न लवकर शिजते.

पुरेसा दाब झाला की वजन उचलले जाते आणि जादा वाफ बाहेर पडते. हीच शिट्टी. तेव्हा पहिल्या शिट्टीचा अर्थ एवढाच की आतला दाब पुरा झाला, आता जाळ कमी करा. पुढची प्रत्येक शिट्टी म्हणजे फुकट गेलेले सरपण किंवा गॅस होय. पहिल्या शिट्टीनंतर गॅस अगदी मंद करावा. चूल असेल तर लाकडे मागे ओढावीत आणि तेथून मिनिटे मोजावीत.

किती वेळ ठेवावे?

पुढील वेळ मंद जाळावरचा अंदाज आहे. धान्य जुने असेल किंवा पाणी जड असेल, तर थोडा अधिक वेळ द्यावा.

तांदूळ – ५ ते ७ मिनिटे
उकडा तांदूळ – १५ मिनिटे
तूरडाळ – १० मिनिटे
भिजवलेली चवळी किंवा अख्खा मसूर – ८ ते १० मिनिटे
भिजवलेले हरभरे, हुलगे, काळे वाटाणे – २० मिनिटे
मटण – २० ते २५ मिनिटे

कडधान्य रात्रीच भिजत घालावे. चिंच, आमसूल किंवा व्हिनेगर शिजल्यानंतरच घालावे, कारण आंबटपणामुळे दाणा लवकर मऊ होत नाही. लवकर शिजावे म्हणून सोडा घालण्याची सवय सोडावी. सोड्याने ‘ब’ जीवनसत्त्व नष्ट होते. शिजवलेले पाणी फेकू नये, आमटीत घ्यावे.

सणासुदीला आपल्याकडे डुकराचे मांस शिजते. ते अर्धेकच्चे राहिले तर पोटात पट्टकृमी होण्याचा धोका असतो. कुकरमध्ये ते आतपर्यंत शिजते. मासळी मात्र कुकरात घालू नये, तिचा लगदा होतो.

तळाशी दोन वाट्या पाणी घालून एका डब्यात भात, दुसऱ्यात डाळ व वर बटाटे ठेवले, तर एकाच जाळावर सारे जेवण होते. अशा वेळी डब्यांना थोडा अधिक वेळ द्यावा.

भीती कशाची?

आमच्या शेजारच्या एका घरी वरण आढ्याला जाऊन चिकटले. सुदैवाने घरची बाई अंगणात होती. पाहिले तर डाळीचे साल वाफेच्या नळीत अडकले होते आणि शिट्टी येत नाही म्हणून सुनेने झाकण ओढले होते. दोष कुकरचा नव्हता. तिला कोणी हे शिकवलेच नव्हते. म्हणून घरातील प्रत्येकाने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. रोज झाकण उजेडाकडे धरून वाफेच्या नळीतून आरपार पाहावे. उजेड दिसला नाही तर काडीने नळी साफ करावी.
२. कुकर दोन-तृतीयांशाहून अधिक भरू नये. डाळ व कडधान्ये फेसाळतात, ती निम्म्यापर्यंतच घालावीत.
३. पाणी न घालता कुकर कधीही चढवू नये.
४. नळीतून वाफ सरळ येऊ लागली की मगच वजन ठेवावे.
५. बराच वेळ शिट्टी आली नाही तर झाकणाला हात लावू नये. जाळ बंद करून कुकर थंड होऊ द्यावा.
६. एरवीही वाफ आपोआप जिरू द्यावी. वजन किंचित उचलून पाहावे. फुस्स आवाज आला तर आणखी थांबावे.
७. रबरी रिंग सैल किंवा कडक झाली की बदलावी. सुरक्षा झडप वितळली तर त्याच कंपनीची नवी बसवावी. तेथे खिळा किंवा लाकडी खुंटी ठोकणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

चुलीवर कुकर ठेवताना ज्वाळा बुडाखालीच राहाव्यात, नाहीतर मूठ जळते. बुडाला बाहेरून ओल्या राखेचा लेप दिला तर काजळी सहज निघते. नवा कुकर घेताना आयएसआय चिन्ह पाहूनच घ्यावा. २०२१ पासून हे चिन्ह कायद्याने बंधनकारक आहे.

आज रात्री मूठभर हुलगे भिजत घाला. उद्या शेतातून आल्यावर कुकर चढवा आणि पहिल्या शिट्टीला जाळ कमी करा. मुले पेंगण्याआधी ताटे वाढून होतील, आणि सरपणाच्या ढिगातला फरक महिन्याभरात डोळ्यांना दिसेल.