नावाची घाई नको, फुलाची वाट पाहा

कुंड्यांचा छंद बहुधा एखाद्या निनावी रोपापासून सुरू होतो. उल्हासनगरच्या बाजारातून येताना आवडली म्हणून एक काटेरी कुंडी उचललेली असते, नाहीतर अंबरनाथच्या शेजारणीनं जाड पानांची एक फांदी खुडून दिलेली असते. नाव विचारलं, तर उत्तर ठरलेलं: ‘कॅक्टस आहे.’ हळूहळू खिडकीतली सगळीच मांसल झाडं कॅक्टस होऊन बसतात.

नावावाचून अडतं काय, असं कुणी विचारील. पहिलं अडतं ते पाण्याशी. बदलापूरचा पाऊस पानफुटीला मानवतो. पण कोरड्या मुलखातलं झाड त्याच पावसात उघड्यावर राहिलं, तर बुंध्यापासून सडतं. दुसरं अडतं ते अंगाशी. कोवळी घायपात कोरफडीसारखी दिसते. कोरफड समजून तिचा रस कुणी तोंडाला चोळला, तर आग होते, पुरळ उठतं. म्हणून ओळख पटेपर्यंत कोणतंही झाड औषध म्हणून वापरू नये.

आपल्या भाषेनंही थोडा घोळ करून ठेवला आहे. शेताच्या कुंपणाला लावतात तो निवडुंग आणि चपट्या फडांचा तो फड्या निवडुंग. आडनाव एक, घराणी दोन! पहिला युफोर्बिया, म्हणजे एरंडाच्या कुळातला. दुसरा खरा कॅक्टस, मूळचा अमेरिकेचा. दोघांनीही पाणी खोडात साठवायची युक्ती अवलंबली आणि त्यामुळे दोघं एकमेकांसारखे दिसू लागले.

त्यांच्यातला फरक ओळखायला एक साधं भिंग पुरतं. काटा जिथून निघतो ती जागा पाहा. कॅक्टसच्या काट्याखाली लवदार, बारीक गादी असते आणि काटे, फुलं त्या गादीतूनच येतात. युफोर्बियाला अशी गादी नसते. त्याचे काटे पुष्कळदा जोडीजोडीनं असतात. युफोर्बियात पांढरा चीक असतो. पण काही कॅक्टसांतूनही दुधासारखा रस येतो. तेव्हा चिकाची परीक्षा नकोच. तो डोळ्यात गेला, तर बुबुळाला इजा होते. गेलाच, तर स्वच्छ पाण्यानं बराच वेळ डोळा धुवावा आणि लगेच डॉक्टर गाठावा.

काटे नसलेल्यांकडे वळू. पानं समोरासमोर आणि फुलाला चार पाकळ्या असतील, तर ते झाड पानफुटीच्या गोतातलं असण्याचा संभव मोठा. फुलांच्या बाजूनंही फसगत होते. बाजारात काही कॅक्टसांवर चक्क वाळकी फुलं चिकटवलेली असतात. हिरव्या दांड्यावरचा लाल गोळा तर दोन झाडांचं कलम असतो. आणि समोरच्या इमारतीमुळे ऊन अडलेल्या गॅलरीत झाड लांबुडकं, फिकट होतं. मग पुस्तकातल्या चित्राशी ते जुळणार कसं?

खरी ओळख पटते ती फुलावरून. याचा उत्तम दाखला आपल्याच सह्याद्रीत आहे. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढलं, की जुन्नर येतं. त्या भागातल्या कड्यांवर, शिवनेरीवरही, शिंदळ माकुडी नावाची दुर्मीळ वनस्पती आढळते. ती महाराष्ट्राबाहेर कुठेही आपसूक उगवत नाही. पावसाळ्यात तिला चांगली पानं असतात, कोरड्या दिवसांत ती गळतात. तिचे जवळचे नातलग मात्र जवळजवळ बिनपानांचे, नुसत्या मांसल खोडाचे. पानांवरून पाहिलं, तर ही त्यांची कुणीच लागत नाही. तांबूस, चांदणीसारखं फूल उमललं, की नातं उघड होतं. डालझेल या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1865 साली तिचं वर्णन केलं आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिलं. पुढे अभ्यासकांनी तिला वेगळ्या प्रजातींत नेलं. शास्त्रज्ञसुद्धा नाव बदलतात, तर आपण घाई कशाला करायची?

तेव्हा नवशिक्यानं एवढंच करावं. कुंडीत एक पट्टी खोचावी. तिच्यावर रोप कुठून आलं आणि कधी आलं ते लिहावं. नावाच्या जागी प्रश्नचिन्ह चालेल. काटे, पानांची मांडणी आणि फूल यांचे जवळून फोटो काढावेत. मोबाइलमधलं ॲप नाव सुचवतं. ते तपासाची सुरुवात मानावी, निकाल नव्हे. डोंगरावर अनोळखी झाड दिसलं, तर त्याचा फोटो घरी आणावा, झाड नाही. कड्यावर मोजकीच रोपं उरलेली असतील, तर आपल्या कुंडीपायी त्यातलं एक कमी होतं.

आणि मग एखाद्या सकाळी त्या निनावी रोपाला कळी येते. तिला उमलू द्यावं, पाकळ्या मोजाव्यात आणि मगच पट्टीवरचं प्रश्नचिन्ह खोडावं.