जुन्या आगगाडीच्या डब्यांचा योगक्षेम

संस्कृतांतील ‘योगक्षेम’ या शब्दाचा अर्थ टीकाकार दोन भागांत सांगतात: जें मिळालेलें नाहीं तें मिळविणें हा योग, व जें मिळालें त्याचें रक्षण करणें हा क्षेम. वस्तुसंग्रहालयांच्या कामांत योगाचें कौतुक फार होतें. क्षेमाची आठवण बहुधा संग्रहालयास कुलूप लागण्याची वेळ आली म्हणजे होते. अशा वेळीं तेथील जुन्या आगगाडीच्या डब्यांचें काय होतें, याची एक हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यांत मेन नांवाचें राज्य आहे. तेथें गेल्याच्या आधींच्या शतकांत अवघ्या दोन फूट रुंदीच्या रुळांवरून आगगाड्या धावूं लागल्या. नेरळहून माथेरानास १९०७ सालीं सुरू झालेली आपली छोटी गाडी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस हें माप निराळें समजावून सांगावयास नको. दोहोंच्या रुळांची रुंदी एकच. पुढें मोटारी आल्या, सडका सुधारल्या, आणि या गाड्यांचें उत्पन्न आटलें. त्यांतील सर्वांत मोठी सँडी रिव्हरची गाडी १९३५ सालीं बंद पडली. ब्रिजटनची १९४१ सालीं थांबली. बहुतेक इंजिनें मोडीत गेलीं. लांकडी डबे आसपासच्या लोकांनीं कोठी म्हणून अगर उन्हाळ्यांतील झोपडी म्हणून नेले.

जें उरलें तें मॅसॅच्युसेट्स राज्यांतील साउथ कार्व्हर येथील एलिस ॲटवुड या गृहस्थानें विकत घेतलें. क्रॅनबेरी नांवाच्या आंबट फळांचे त्याचे मोठे मळे होते. त्यांभोंवतीं सुमारें साडेपांच मैलांचा लोहमार्ग त्यानें टाकिला. १९४७ सालीं तो पुरा झाला. आपल्या नांवाच्या आद्याक्षरांवरून त्यानें त्यास ‘एडाव्हिल’ म्हटलें. पाहतां पाहतां तें एक चालतें-बोलतें संग्रहालयच झालें. तेथें १९०१ सालीं बांधलेला ‘रेंजली’ नांवाचा डबा होता. सरोवरांकडे जाणाऱ्या धनिक प्रवाशांसाठीं बनविलेला, ऐसपैस खुर्च्यांचा. इतक्या अरुंद रुळांवर असा विलास क्वचितच कोणीं केला असेल.

परंतु ॲटवुड १९५० सालीं अपघातांत वारला. पुढील मालक नेल्सन ब्लाउंट १९६७ सालीं विमान कोसळून गेला. अखेर जमीन एकाची व गाडी दुसऱ्याची अशी स्थिति झाली. करार संपला, आणि १९९२ च्या आरंभीं गाडी थांबली. गाडी चांगली चालत होती किंवा नाहीं, हा प्रश्नच उरला नाहीं. रूळ ज्या भूमीवर होते तीच पायांखालून गेली.

अशा प्रसंगीं संग्रह फुटतो. इंजिनास गिऱ्हाईक मिळतें. डब्यास मिळत नाहीं. इंजिन लोखंडाचें, तें गंजलें तरी घासूनपुसून पुन्हा उभें करितां येतें. लांकडी डब्याच्या छपरावर ताणलेलें कापड एकदां फाटलें कीं पाणी आंत झिरपतें, तळच्या तुळया कुजतात, आणि थोड्याच पावसाळ्यांत केवळ आकृति उरते. एडाव्हिलचे डबे मात्र सुदैवी ठरले. मेनमधील कांहीं मंडळींनीं एक सार्वजनिक संस्था काढून इंजिनें व डबे एकत्र विकत घेतले, आणि १९९३ सालीं मालमोटारींवर चढवून ते पोर्टलंड या बंदरीं आणिले. जन्मभूमीस परतण्याचें हें भाग्य सर्वांस लाभत नाहीं. तथापि तेथेंहि जागा स्वतःची नव्हती, व पुढें ती विकली गेल्यावर तीच जुनी विवंचना पुन्हा उभी राहिली.

यावरून एवढें दिसतें कीं, वस्तूचें आयुष्य तिच्या लांकडापेक्षां छप्पर व जमीन कोणाची यावर अधिक अवलंबून असतें. आपल्याकडेहि अनेक घरांत आजोबांनीं जमविलेल्या पोथ्यांचा पेटारा असतो. मुलें परगांवीं गेलेलीं, वाडा विकावयास काढलेला; अशा वेळीं पोथ्या रद्दीच्या काट्यावर चढतात. पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळासारखी संस्था १९१० सालापासून उभी आहे. ज्यास पोथ्या द्यावयाच्या असतील त्यानें आपल्या हयातींत, यादी करून, लेखी द्याव्या. धन्याच्या मागें पेटारा उघडणारे हात कोणाचे असतील, हें कोणासहि सांगतां येत नाहीं.