जीव घाबरतो, रिपोर्ट मात्र नॉर्मल

छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, झोप नाही, अन्नावर वासना नाही. अशा तक्रारी घेऊन साठीच्या एक बाई महिन्यात चार वेळा दवाखान्यात आल्या. ई.सी.जी., साखर, थायरॉईड, हिमोग्लोबिन, सारे ठीक. सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टर, निदान सलाईन तरी लावा." खरे सांगायचे तर आधी दोनदा मी ते लावलेही होते. गर्दीच्या वेळी ऐकून घेण्यापेक्षा सलाईन लावणे सोपे असते!

चौथ्या वेळी शेवटचा पेशंट गेल्यावर बाईंना बसवून घेतले. "घरी दिवसभर कोणाशी बोलता?" एवढेच विचारले आणि त्यांना रडू कोसळले. यजमान जाऊन आठ महिने झाले होते. आईला त्रास नको म्हणून मुलगा वडिलांचे नावच काढत नसे. भजनी मंडळ सुटले, शेजारी जाणे बंद झाले. "सकाळ होऊच नये असं वाटतं," त्या म्हणाल्या. जीव द्यावासा वाटतो का, हे मी स्पष्ट विचारले. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. त्या "नाही" म्हणाल्या. "हो" म्हणाल्या असत्या, तर त्यांना एकटे न सोडता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले असते.

नैराश्यात माणूस लोकांत जाणे सोडतो आणि जाणे सोडल्याने नैराश्य वाढते. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत हाच फेरा तोडण्याचा प्रयोग झाला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या साध्या माणसांना शिकवून तयार केले. त्यांनी रुग्णांबरोबर सहा ते आठ बैठका घेतल्या आणि सुटलेली कामे, सुटलेली माणसे पुन्हा जोडायला मदत केली. नेहमीच्या उपचारांना ही जोड मिळाल्यावर अधिक रुग्णांना उतार पडला. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये हे निष्कर्ष छापून आले. झिंबाब्वेत तर २००६ पासून आजीबाई दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून हे काम करीत आल्या आहेत. तिथल्या शोना भाषेत या दुखण्याला 'फार विचार करणे' अशाच अर्थाचा शब्द आहे. आपले पेशंटही "डॉक्टर, विचार फार येतात" असेच सांगतात की!

बाईंना गोळ्याही दिल्या. त्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटले म्हणून त्या मनाने बंद करायच्या नसतात. मुलाला बोलावून सांगितले, "रोज संध्याकाळी अर्धा तास आईजवळ बसा. टी.व्ही. बंद. वडिलांचा विषय निघू द्या. 'मन घट्ट कर' हे वाक्य मात्र नको." मोडलेल्या पायाला चाल म्हणावे, तसे ते आहे. घरात बोलण्यासारखे कोणी नसेल, तर सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तेथे रात्रीअपरात्रीही बोलता येते.

परवा बाई रक्तदाब तपासायला आल्या. झोप अजून पुरती लागत नाही. बरोबर भजनातल्या दोघीजणी होत्या आणि तिघींनी मिळून माझी वीस मिनिटे घेतली.