सीमधून लुआचं टेबल वाचताना

शहापूरच्या कॉलेजात सी शिकणाऱ्या पोरापोरींनो, १९९३ साली ब्राझीलमध्ये जन्मलेली लुआ ही प्रोग्रॅमिंग भाषा एकदा सी प्रोग्रॅमला जोडून बघाच! लुआत अ‍ॅरे काय, ऑब्जेक्ट काय, सगळं टेबलच, म्हणजे की आणि व्हॅल्यूच्या जोड्या. सीमधून टेबल वाचायचं तर लुआच्या स्टॅकवर आधी निल टाका, मग लूपमध्ये 'लुआ_नेक्स्ट' चालवा. दर फेरीला वर व्हॅल्यू, तिच्याखाली की. व्हॅल्यू काढून टाका, की राहू द्या. पुढची जोडी तिच्यावरूनच सापडते.

खरी मेख पुढेच आहे. की आकडा असेल तर तिच्यावर थेट 'लुआ_टूस्ट्रिंग' चालवू नका! स्टॅकवरच्या त्या आकड्याचीच स्ट्रिंग होते आणि पुढच्या फेरीला 'लुआ_नेक्स्ट' गोंधळतं. आधी 'लुआ_पुशव्हॅल्यू'ने नक्कल करा. जोड्या कोणत्या क्रमाने येतील, याची हमी नाही. अ‍ॅरे ओळीने हवा असेल तर १ पासून 'लुआ_रॉगेटआय'.